सात नावांपैकी चार

माइकसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण किती वेळ बोललो ते कधीच कळत नाही. ते कळतं मागे काचेआड बसलेल्या माणसाला. मी तेहतीस वर्षं त्या काचेआड बसलो. जळगावजवळचं एक मोठं सभागृह. आधी ते कॉलेजचं होतं, पुढे कॉलेजचं खाजगी विद्यापीठ झालं. पाटी बदलली, खुर्च्या त्याच राहिल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं पद कागदावर 'तंत्र सहायक', पण कुलगुरूंपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे 'माइकवाले'. मुलीच्या लग्नात व्याह्यांनीही पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून दिली. राग आला नाही. खोटं काय होतं त्यात?

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय एवढं, बटण दाबलं की झालं. तसं नसतं. शेवटच्या रांगेमागे आमची अरुंद खोली. तिला मोठी काच, काचेतून समोर स्टेज. टेबलावर एक लांब पेटी, तिच्यावर ओळीने सरकत्या दांड्या. एका माइकला एक दांडी. वर सरकवली की आवाज चढतो, खाली ओढली की उतरतो. वक्त्याला वाटतं आवाज आपल्या गळ्यातून निघाला आणि लोकांच्या कानात गेला. मधे माझं बोट असतं, हे त्याच्या गावीही नसतं. खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. कानावरच्या हेडफोनमधून जेवढं येतं तेवढंच आम्हाला ऐकू येतं.

माणसं नाना तऱ्हेची बघितली. एक निवृत्त प्राचार्य भाषणाआधी माइकला तीनदा फुंकर मारायचे, चहाला मारतात तशी. एक कवयित्री माइकपासून चार हात लांब उभ्या राहायच्या आणि नंतर माझ्याकडे तक्रार करायच्या. एकदा मुक्ताईनगरकडचे म्हातारे भजनीबुवा आले होते. माइक बघितला आणि म्हणाले, "हे उचल रे बाबा, मले अडचण होते." मी उचलला. सहाशे माणसांना शेवटच्या खुर्चीपर्यंत त्यांचा अभंग ऐकू गेला आणि मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. त्या दिवशी मला आपण बिनकामाचे आहोत असं वाटलं, आणि बरंही वाटलं.

खरा त्रास न थांबणाऱ्यांचा. दहा मिनिटं दिलेली असतात, चाळीस होतात, जेवणं गार होतात. चिठ्ठी पाठवली तर ती वाचून खिशात ठेवतात. त्यावर आम्ही एक युक्ती काढली होती आणि सांगायला हरकत नाही, तिचा आम्हाला गर्व होता. स्टेजवरून सूत्रसंचालक तळहात पालथा करून हळूच खाली दाबायचा. ती खूण दिसली की मी दांडी उतरवायला घ्यायचो. एकदम नाही. एकदम बंद केलं तर माणूस 'हॅलो, हॅलो' करतो, माइकला टपल्या मारतो, चारचौघांत त्याची शोभा होते. म्हणून अगदी थोडी थोडी. बोलणाऱ्याला वाटतं आपलाच घसा बसला. नेमकं तेव्हा सुलेमान पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर चढायचा. माणूस दोन घोट घ्यायचा, तेवढ्यात 'सरांचे मनःपूर्वक आभार', टाळ्या, आणि सर खुशीत खाली. तेवीस वर्षं आम्ही दोघांनी हा खेळ केला. एकालाही कधी कळलं नाही. जाताना उलट माझाच हात हातात घेऊन म्हणायचे, साउंड उत्तम होता हं.

सुलेमान आमच्या सभागृहाचा शिपाई. धुळ्याचा. बायको आणि मुलगी धुळ्याला, हा आठवडाभर जळगावात खोली करून राहायचा आणि शनिवारी एसटीने घरी जायचा. रंग काळाकुट्ट, केस आखूड आणि घट्ट कुरळे, खांदे पैलवानी. बोलणं मात्र अस्सल अहिराणी. तो रुजू झाला त्या आठवड्यातच मी त्याचं नाव 'कालूभाई' पाडलं. सगळ्या विद्यापीठात ते झालं. तो हसला होता. हसला म्हणजे त्याला ते चाललं, असा सोयीचा अर्थ मी काढला. दुपारी आम्ही काचेच्या खोलीत एकत्र डबा खायचो. त्याच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्याकडे असेल ते. तेवीस वर्षं एका कागदावर जेवलो आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, तुझे लोक मूळचे कुठले.

विचारलं ते एका परदेशी पोराने. मी निवृत्त व्हायला चार-पाच महिने राहिले असताना प्रज्ञा नावाची विद्यार्थिनी आमच्या खोलीत आली. दीपनगरची, वडील वीजकेंद्रात, ही इंग्रजीत एम.ए. करत होती. हातात जाड वही. म्हणाली, "काका, आम्ही विद्यार्थ्यांनीच दोन दिवसांची परिषद ठेवलीय. आफ्रिकन डायस्पोरा, त्यांची संस्कृती आणि सिनेमा."

मी म्हटलं, "जळगावात? इथे केळीवर ठेव, सोन्यावर ठेव, हॉल भरेल. हे डायस्पोरा कोण?"

तिला माझ्या थट्टेची सवय होती. समोरची खुर्ची ओढून तिने नीट समजावलं. आफ्रिकेतून ज्यांना जहाजांत कोंबून नेलं, विकलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आज जगभर आहेत. त्यांची गाणी, त्यांचे ढोल, त्यांनी काढलेले सिनेमे, यावर मुलं निबंध वाचणार आणि काही छोटे सिनेमे दाखवणार. मी विचारलं, तुला यात कुठून गोडी लागली? ती म्हणाली, "काका, माझ्या पणजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ते सिनेमे बघताना मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही." त्यावर माझी थट्टा संपली. मी वायरींची यादी करायला घेतली.

सिनेमाच्या फायली तपासायला तिच्याबरोबर जोसेफ यायचा. टांझानियाचा, फार्मसीला शिकत होता, उंच आणि लाजाळू. सुलेमान चहा घेऊन आत आला तेव्हा तो उठूनच उभा राहिला. चेहरा असा फुलला की विचारू नका. इंग्रजीत त्याने विचारलं, "तुम्ही कोणत्या देशाचे?"

सुलेमानला तेवढं इंग्रजी कळत होतं. तो म्हणाला, "धुळे."

जोसेफने गंभीरपणे विचारलं, "हा देश कुठे आहे?"

मी आणि प्रज्ञा पोट धरून हसलो. सुलेमान हसला नाही. त्याने चहाचे कप ठेवले आणि गेला. दुपारी डबा उघडल्यावर त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "मधुभाऊ, त्या पोरगानं काय चुकनं? आम्ही तठलाच शेतस."

मग त्याने सांगितलं. ते सिद्दी, पिढ्यांमागे आफ्रिकेतून इकडे आणलेले. आजोबा गुजरातेत राजपिपळ्याकडच्या एका दर्ग्यावर ढोल वाजवायचे. बाप ट्रकवर क्लीनर म्हणून आग्रा रोडने धुळ्यात आला आणि तिथेच राहिला. धुळ्यात त्यांनी सिद्दी हा शब्द घराच्या आतच ठेवला. सुलेमान म्हणाला, "पोरगीनं लगीन व्हवाले जोयजे व्हतं ना. कोणी इचारं ते सांगतस, साधा मुसलमान शेतस." मुलीलाही त्याने काही सांगितलं नव्हतं. पण त्याची आई मरायच्या आधी त्याला दर्ग्यावर घेऊन गेली होती आणि तिथे बसवून तिने त्याच्याकडून सात नावं पाठ करून घेतली होती. आईचं, आईच्या आईचं, तिच्या आईचं, अशी मागे मागे सात बायांची. "सातवीले जहाजमा घालीसन लई उनात," तो म्हणाला. "बाकीसना नावं मालकसनी बदलात. तिनं सोतानं नाव बदलू दिधं नही."

मी विचारलं, कोणती नावं? तो म्हणाला, जेवताना घ्यायची नावं नाहीत ती.

आता यात गप्प बसायला हवं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. मी प्रज्ञाला सांगितलं. तिचे डोळे भरले. म्हणाली, "आम्ही जगभरचे सिनेमे गोळा करतोय आणि सुलेमानचाचा इथे रोज आमच्या खुर्च्या पुसतात." तिने त्याला गळ घातली, परिषदेत दहा मिनिटं बोला. तो आठवडाभर नाही म्हणाला. शेवटी मी मध्ये पडलो. मी म्हटलं, "अरे, मुलीचं लग्न झालं. ती तिच्या घरी सुखी आहे. आता कुणाला भ्यायचं? तू फक्त बोल. आवाजाची काळजी करू नको. काचेआड मी आहे."

हे वाक्य माझं आहे. यातला एक शब्दही बदललेला नाही.

तो तयार झाला. दोन दिवस कामात हरवल्यासारखा असायचा, ओठ हलायचे. मला म्हणाला, "सात नावं, सात गोठी. स्टेजवरच सांगसू. माय बोलनी व्हती, कधी ना कधी चार लोकसमा सांगजो."

पहिला दिवस निबंधांचा आणि सिनेमांचा गेला. एका मुलाने ढोलांवर निबंध वाचला आणि तो अर्ध्यात आला असताना मी बघितलं, सुलेमान दारात उभा राहून मांडीवर बोटांनी ताल धरत होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्याची वेळ होती. प्रमुख पाहुणे समारोपाला चार वाजता यायचे होते. सुलेमान पांढरा इस्त्रीचा झब्बा घालून आला. माइकची उंची मी स्वतः जाऊन लावली. तिथे उभा राहून तो हळूच म्हणाला, "मधुभाऊ, हाऊ माइक पुसाले मी कितीदाव चढनू, पन यानामा बोलनू नही कधी."

त्याने मराठीत सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अहिराणीत घसरला. पोरं हसली. मग हसायची थांबली. त्याच्या बोलण्यात काही सजवलेलं नव्हतं. म्हणाला, माझं नाव सुलेमान, मला इथे कालूभाई म्हणतात. मी सिद्दी आहे. तुम्ही दोन दिवस ज्यांचे सिनेमे बघताय त्यांच्यातला एक मी. मग नावं सुरू झाली.

हमीदा, मनी माय. धुयाना बाजारमा भाजी इके. तिनी माय जैतून. ती दर्ग्यावर झाडू मारायची आणि ढोल ऐकला की झाडू टाकून नाचायची. तिनी माय मरियम. तिला तीन मुलगे झाले, एकही जगला नाही, जगली ती मुलगीच. तिनी माय सोनबाई. हे नाव तिच्या मालकिणीने ठेवलं होतं, कारण मालकिणीला आधीचं नाव उच्चारता येईना.

सोनबाईवर एवढं बोलून तो थांबला, श्वास घेतला. माझ्या कानात त्याचा श्वास येत होता. आणि तेवढ्यात मुख्य दार उघडलं.

प्रमुख पाहुणे चार तास आधी आले होते. त्यांना पुढे कुठे तरी लग्नाला जायचं होतं, म्हणून वाटेत उरकून घ्यायचं ठरवलं होतं. दारात माणसं, गुच्छ, फोटोवाले. प्रज्ञाला कुणी तरी ओढत ओवाळायला नेलं. स्टेजवरचे विभागप्रमुख उठून उभे राहिले, त्यांनी काचेकडे बघितलं आणि तळहात पालथा करून खाली दाबला.

माझं बोट दांडीवर होतंच. ते खाली आलं. मी ठरवलं नाही, विचार केला नाही. तेहतीस वर्षांची सवय. थोडी थोडी, नेहमीसारखी, अगदी सफाईने.

दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं घसा बसला. सुलेमानला तसं वाटायचा प्रश्नच नव्हता. आवाज उतरायला लागल्यावर पाणी घेऊन कोणत्या क्षणी चढायचं, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत होतं? त्याने माइकला टपली मारली नाही. 'हॅलो' म्हटलं नाही. त्याने मान वर केली आणि सरळ काचेकडे बघितलं.

लोक म्हणतील, सवयीने बोट खाली आलं, त्यात तुझा काय दोष? पण मी इथपर्यंत लिहिलंय तर पुढचंही लिहितो. त्याने बघितल्यावर मला सगळं कळलं. दांडी वर ढकलायला एक बोट पुरलं असतं. विभागप्रमुख फार तर रागावले असते. माझी नोकरी चार महिन्यांची राहिली होती, माझं कुणी काय वाकडं करणार होतं? तरी मी मान खाली घातली आणि पेटीवरच्या दांड्यांकडे बघत बसलो, जणू तिथे काही बिघाड शोधतोय. भित्रेपणालासुद्धा कारण लागतं. मला तेही नव्हतं.

मान वर केली तेव्हा तो माइक सोडून स्टेजच्या अगदी कडेला आला होता आणि बोलत होता. नुसत्या तोंडाने. माझ्या हेडफोनमध्ये काही नव्हतं. खुर्च्या सरकत होत्या, सगळा हॉल दाराकडे तोंड करून उभा होता, टाळ्या चालू होत्या. स्टेजकडे तोंड करून एकटा जोसेफ उभा होता, पहिल्या रांगेत. त्याला मराठी येत नव्हतं. सुलेमानने उरलेली तीन नावं त्या पोराला सांगितली. शेवटचं नाव घेताना त्याने छातीवर हात ठेवला, एवढं मला काचेतून दिसलं. मग हात जोडून तो खाली उतरला.

पाहुणे स्टेजवर बसले. त्यांच्यासमोर पाणी ठेवलेलं नव्हतं, कारण पाणी ठेवणारा माणूस माइकवर होता. सुलेमानने ट्रे उचलला, ग्लास भरले आणि तो पांढऱ्या झब्ब्यात पुन्हा स्टेजवर चढला. पाहुण्यांनी त्याच्याकडे न बघता ग्लास घेतला. मी त्यांच्या माइकची दांडी वर केली. साउंड उत्तम होता.

संध्याकाळी खोली आवरताना मी म्हटलं, "सुलेमान, पुढची नावं काय होती रे?" माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडातून हे आलं. तो वायर गुंडाळत होता. हातावर वळसे घेत घेत म्हणाला, "सांगी दिधं ना भो, एकदाव." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून डबा पुन्हा एकत्र. मी 'कालूभाई' म्हणणं सोडलं आणि 'सुलेमानभाई' म्हणायला लागलो. चार दिवस त्याने ऐकलं आणि म्हणाला, "आते काय भाई-भाई करी राहिना? तेवीस सालमा नही सुचनं?" तेव्हा मात्र तो हसला. मीही हसलो. हसण्यावारी नेलं की माणसाला वाटतं प्रकरण मिटलं.

मी निवृत्त झालो. माझ्या निरोपसमारंभात आभाराचं भाषण करताना मी थोडा लांबलो. सुलेमान पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात देऊन कानात म्हणाला, "दांडी कोनीच उतारेल नही, मी आपला उनू." लोकांना कळलं नाही आम्ही का हसलो.

वर्षभराने धुळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो. खाटेशेजारी बसलो, त्याने डाव्या हाताने माझा हात धरला. मी म्हटलं, "सुलेमान, त्या दिवशी माझं चुकलं. मला दांडी वर करता आली असती." त्याने मान हलवली. हो म्हणाला की राहू दे म्हणाला, मला सांगता येणार नाही. मग त्याचे ओठ हलले, बराच वेळ हलले. मी कान अगदी जवळ नेला. नुसती हवा येत होती. बावीस दिवसांनी तो गेला.

परिषदेचं सगळं चित्रीकरण प्रज्ञाने जपून ठेवलं होतं. तिने मला पेन ड्राइव्हवर दिलं. यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. असं चित्रीकरण करताना कॅमेऱ्यात आवाज स्वच्छ यावा म्हणून तो आम्ही पेटीतून वायरीने देतो. म्हणजे हॉलला जे जातं तेच कॅमेऱ्याला जातं. मी दांडी उतरवली तेव्हा ती कॅमेऱ्यातही उतरली. चित्रात सुलेमान बोलतो, हमीदा, जैतून, मरियम, सोनबाई. मग आवाज विरत जातो. पुढे तो कडेला येतो, ओठ हलतात, छातीवर हात जातो.

हे मी किती वेळा बघितलं त्याची गणती नाही. बायको म्हणाली, झालं ते झालं, किती दिवस उगाळणार? मूकबधिर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना मी ते दाखवलं. ओठांवरून त्यांना पुष्कळ कळतं. त्यांनी दहादा पुढे-मागे करून बघितलं. चेहरा बाजूने दिसतो, मिशी आडवी येते. त्या म्हणाल्या, "शेवटचं नाव छोटं आहे आणि ओठ मिटून सुरू होतं. त्यापुढे मला सांगता येत नाही." जोसेफ शिक्षण संपवून आपल्या देशी गेला होता. प्रज्ञाने त्याला निरोप पाठवून विचारलं. त्याचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. तो म्हणत होता, ते शेवटचं नाव ऐकून मी चमकलो होतो, आमच्याकडे जुन्या बायकांची तशी नावं असतात. त्या दिवशी घरी फोन करून आईला सांगितलंही होतं. पण ते कोणतं, हे आता मलाही आठवत नाही आणि आईलाही.

आणि यंदा उन्हाळ्यात सुलेमानची मुलगी नसीम माझ्याकडे आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. आजोबांसारखे कुरळे केस. नसीमला मी शेवटचं बघितलं होतं ते बापाच्या मयतीला. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "मधुकाका, बाबांनी मला झटका यायच्या थोडं आधी सगळं सांगितलं. आपण कोण आहोत ते. माझ्या सासरीही मी सांगून टाकलं. कुणी काही बोललं नाही. उगाच बाबा आयुष्यभर भ्यायले."

मी म्हटलं, चांगलं केलंस.

"नावं मात्र सांगितली नाहीत. म्हणाले, उरुसाला जाऊ, आजीने मला जिथे बसवून सांगितली तिथेच तुला सांगतो. उरूस दोन महिन्यांवर होता." तिने बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "प्रज्ञाताईंनी व्हिडिओ दिला. चार नावं कळतात. मला सातवं हवंय काका. हिचं तेच नाव ठेवायचंय. अजून ठेवलेलं नाही, सगळे गुड्डी म्हणतात. सासूबाई रोज विचारतात."

ती पुढे म्हणाली, "बाबा तेव्हाच म्हणाले, बोलत होतो आणि नेमकी माइकची लाइट गेली. मधुभाऊने फार धडपड केली, पण त्याचा इलाज नव्हता. पण काका, लाइट गेली तरी तुम्ही तिथेच होता ना? तुम्हाला तर ऐकू आलं असेल."

मी म्हणालो, "नाही बेटा. मध्ये काच असते."

"लाइटच गेल्यावर तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "हो ना."

ती चहा प्यायली. बाळाने माझं बोट घट्ट धरलं होतं, ते सोडवून घेऊन ती रिक्षात बसली. मी फाटकात उभा होतो. हाक मारायला वेळ भरपूर होता.

सुलेमानने घरी खोटं सांगितलं ते माझी अब्रू राखायला. मी ते त्याच्या मुलीसमोर पुन्हा सांगितलं तेही माझीच अब्रू राखायला. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर मी फुंकर मारणाऱ्या प्राचार्यांवर लिहायला बसलो होतो, दोन पानं झालीही होती. पण नसीमच्या सासरी हा अंक येतो, तिचे सासरे वाचतात, असं तीच बोलता बोलता म्हणाली होती. तिच्या तोंडावर मला जे जमलं नाही ते इथे लिहून ठेवतो. सातवं नाव माझ्याकडे नाही. ते आता कुणाकडेच नाही.

नसीम, त्या दिवशी लाइट गेली नव्हती. आवाज मी उतरवला. तुझा बाप माझ्याकडे बघत होता, आणि मला ते दिसत होतं.